परड्यातला डेक वाढवताना: नवा भाग स्वतःच्या पायावर उभा करा

विचारणा थोडक्यात अशी आहे. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला घर आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून परड्यात २०१६ साली लाकडी डेक करून घेतला. भिंतीलगत १२ फूट लांब, भिंतीपासून १० फूट बाहेर आणि जमिनीपासून दोन फूट उंच. खाली लोखंडी पाइपची चौकट, वर सागवानी फळ्या. आता तो आंब्याच्या झाडाकडं आणखी ८ फूट न्यायचा आहे, कारण रविवारी पाहुणे जमले की वीसेक पानं होतात आणि जागा पुरत नाही. शिवाय एक झोपाळा टांगायचा आहे. माती काळी आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात. वेल्डर म्हणतो, "जुन्या चौकटीलाच नवे पाइप वेल्ड करतो, दोन दिवसांत काम देतो." घरात ७४ वर्षांच्या आई आहेत. भुदरगडच्या गावी बांधावर सागवानाची दोन झाडं आहेत, ती वापरता येतील का, हेही विचारलं आहे.

डेक वाढवता येईल, पण वेल्डर सांगतो तसा नाही. नवा भाग जुन्याच्या शेजारी उभा राहिला पाहिजे, जुन्यावर टेकून नाही. त्याचे खांब, पाया, तुळया सगळं स्वतंत्र ठेवा. हे मी इतकं ठासून का सांगतो, त्याला एक कारण आहे.

मी वडिलांच्या हाताखाली सुतारकामात आलो, पुढं लोखंडी चौकटींची कामं घ्यायला लागलो, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात एका घरी अगदी असंच काम आलं. मे महिना होता. जुन्या चौकटीला पाइप वेल्ड केले, बाहेरच्या बाजूला तीन खांब उभे केले, दोन-दोन फूट खणून काँक्रीट भरलं. काम देखणं झालं, मालक खूश झाले. जुलैत फोन आला. बाहेरची कड दीड इंच वर उचलली होती, जोडावरचे दोन वेल्ड तुटले होते आणि फळ्यांचे स्क्रू वर आले होते. मला वाटलं होतं, पाया कमी पडला तर तो खचेल. तो वर येईल हे डोक्यातच आलं नव्हतं.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. फुगताना ती वर ढकलते. वर दुमजली घर असेल तर त्याचं ओझं तिला काही प्रमाणात दाबून धरतं. डेकचं तसं नसतं. एका खांबावर रिकाम्या वेळी शंभर-सव्वाशे किलो वजन असतं, एवढं ती सहज उचलते. म्हणजे बांधकाम जितकं हलकं, तितका काळ्या मातीचा त्रास जास्त. "डेकच तर आहे, त्याला कशाला एवढा पाया" असं जो म्हणतो, त्याला ही माती माहीत नाही. त्यात आपण काम उन्हाळ्यात करतो, माती पूर्ण आकसलेली असताना. पुढची सगळी हालचाल मग वरच्याच दिशेनं होते.

कोल्हापुरात माती हाकेच्या अंतरावर बदलते. टेंबलाई टेकडीकडं मुरूम लवकर लागतो, पंचगंगेकडच्या पट्ट्यात काळी माती खोल जाते. म्हणून शेजाऱ्यानं किती खणलं हे विचारून पाया ठरवू नका. तुमच्या परड्यात एक खड्डा घेऊन बघा.

पण नवीन काहीही ठरवायच्या आधी जुन्या डेकखाली शिरा. एक बॅटरी, एक हातोडी आणि एक जाड दाभण घ्या. लोखंडी खांब जिथं जमिनीत किंवा काँक्रीटमध्ये शिरतो, तिथं आधी बघा. पाइप वरून रंगवलेला चांगला दिसतो, पण आत पाणी साठून तो आतून सडतो. हातोडीनं वरपासून खालपर्यंत ठोकत या. वर टणटण आवाज येईल. खाली येता येता तो बसका, भरीव व्हायला लागला तर आत पाणी किंवा गंजाचा चुरा आहे. शंका आली तर जमिनीच्या वर दोन इंचांवर छोटं भोक पाडा. मी पाडलेल्या अशा भोकांतून कितीतरी वेळा तपकिरी पाण्याची धार लागली आहे. पाणी निघालं तर ते भोक तसंच उघडं ठेवा, ते पाण्याला बाहेर जायला हवंच होतं.

लाकडात दाभण टोचून बघा. फळीचं टोक, स्क्रूच्या भोवतालची जागा आणि फळी पाइपवर टेकते ती खालची बाजू, लाकूड कुजायला इथूनच सुरुवात होते. चांगल्या सागवानात दाभण दोन-तीन मिलिमीटरच्या पुढं जात नाही. लोण्यात गेल्यासारखी गेली तर ती फळी बाद. फळ्यांवर स्क्रूभोवती काळे डाग दिसले तर घाबरू नका, सागवानातलं टॅनिन आणि लोखंड यांचा तो परिणाम आहे. पण त्यातून एक गोष्ट कळते, की मागच्या वेळी साधे लोखंडी स्क्रू वापरलेत, आणि ते आठ-दहा वर्षांत झिजलेले असणार. एक-दोन काढून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंतीकडची बाजू. डेकची आतली कड घराच्या भिंतीला अँकर बोल्टनं धरलेली असेल, तर तो बोल्ट विटेत आहे की जोत्याच्या काँक्रीटच्या तुळईत, हे शोधा. आपल्याकडच्या बहुतेक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये नऊ इंची विटांची भिंत असते. विटेत धरलेला अँकर काही वर्षं टिकतो, पण माणसांच्या चालण्यानं, थरथरीनं वीट आतून भुगा होत जाते आणि बोल्ट हातानं हलायला लागतो. तुमचे बोल्ट विटेत निघाले तर भिंतीपासून फूटभर अंतरावर दोन स्वतंत्र खांब उभे करून जुन्या डेकची ती बाजू त्यावर घ्या. वाढीव कामाच्या गडबडीत ही दुरुस्ती लोक पुढं ढकलतात. मी ती आधी केल्याशिवाय नवीन काम हातात घेत नाही. वीस माणसं उद्या नव्या भागावर बसतील, पण तिथं जाताना ती जुन्यावरूनच जाणार आहेत.

एक मोजमापही करून ठेवा. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढायची जुनी पद्धत अजून सगळ्यात भरवशाची आहे. भिंतीकडची कड आणि बाहेरची कड यांच्या उंचीतला फरक एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरमध्ये लिहून ठेवा. घराचा पाया खोल, डेकचे खांब उथळ, म्हणून बाहेरची कड ऋतूप्रमाणं वर-खाली होते. हा आकडा मिळाला की जोड कसा करायचा हे आपोआप ठरतं.

डेकची रचना समजायला परदेशी पुस्तकाची गरज नाही. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अजून उभा असलेला कुठलाही जुना कडीपाट बघा. दगडी तळखडा, त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी. डेक म्हणजे हेच, फक्त उघड्यावर आणि कड्या लोखंडी पाइपच्या. तळखड्यामागचा विचारही लक्षात घ्या. लाकूड जमिनीला लागू द्यायचं नाही, मध्ये दगड पाहिजे. आज दगडाऐवजी काँक्रीटचा ठोकळा आणि बेस प्लेट, म्हणजे खांबाच्या बुडाची लोखंडी प्लेट आली, एवढाच फरक.

आता तुमचं काम. नवा भाग १२ बाय ८, म्हणजे ९६ चौरस फूट. घराच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो, एवढा माणसा-सामानाचा भार धरतात. डेकलाही तोच धरायचा. तुमच्या ९६ चौरस फुटांवर तो पावणेतीन टनांच्या जवळ जातो. हा आकडा ऐकून लोक म्हणतात, वीस माणसांचं वजन तर तेरा-चौदाशे किलो होतं. बरोबर आहे. पण माणसं पंगतीत सारखी पसरून बसतात तशी नेहमी वागत नाहीत. फोटो काढायचा म्हटलं की सगळी एका कोपऱ्यात गोळा होतात आणि लहान मुलं त्याच वेळी उड्या मारतात.

लोक जुन्या खांबांना चिकटून नव्या खांबांची रांग घेतात. ते करू नका. जुना पाया दोन फूट खोल असेल आणि तुम्ही त्याला लागून पाच फूट खणलं तर जुन्याच्या बुडाखालची माती मोकळी होते. जुने बाहेरचे खांब दोन कोपऱ्यांवर आणि एक मध्ये असतील असं धरतो. तर नवे खांब त्यांच्या समोर न घेता मधल्या मोकळ्या जागांसमोर घ्या, १२ फुटांच्या लांबीत ३ फुटांवर एक आणि ९ फुटांवर एक. ही पहिली रांग जुन्या कडेपासून दीड फूट पुढं, आणि दुसरी रांग नव्या बाहेरच्या कडेच्या दीड फूट आत. एकूण चारच खांब. प्रत्येक रांगेवर १०० मिलिमीटरच्या चॅनलची तुळई टाका, दोन्ही टोकांना ती तीन-तीन फूट पुढं निघेल. त्यावर ८० बाय ४० मिलिमीटरचे, किमान ३ मिलिमीटर जाडीचे पाइप उभ्या बाजूनं, १६ इंचांवर एक. ते दोन्हीकडं दीड-दीड फूट पुढं निघतील. म्हणजे नव्या भागाची कड जुन्याच्या शेजारी अधांतरी येऊन थांबते, त्याला शिवत नाही. भरलेल्या डेकमध्ये एका खांबावर आठशे किलोच्या आसपास भार येतो. तुमच्या इंजिनिअरकडून हे माप तपासून घ्या, कारण मातीचा निर्णय तोच करेल.

चार खड्डे, दोन बाय दोन फुटांचे. काळी माती ओलांडून घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जा. चार-पाच फुटांत लागला तर उत्तम. मुरमावर चार इंच कोबा, त्यावर लोखंडाची जाळी घालून फुटिंग, म्हणजे पायाचा रुंद काँक्रीटचा ठोकळा, आणि मग वर एक फुटी काँक्रीटचा खांब. आता दोन गोष्टी अशा, ज्या गवंडी सांगितल्याशिवाय करत नाही. पहिली, खड्डा भरताना निघालेली काळी माती परत भरायची नाही. मुरूम आणायचा आणि थराथरानं चोपायचा. दुसरी, काँक्रीटच्या खांबाभोवती मातीत जाणाऱ्या उंचीपर्यंत जाड प्लॅस्टिकचे दोन पदर गुंडाळायचे. माती फुगताना खांबाच्या अंगाला धरून त्याला वर ओढते. प्लॅस्टिक असलं की तिची पकड सुटते. दोनशे-तीनशे रुपयांच्या प्लॅस्टिकनं किती कामं वाचतात हे मी बघितलंय. सहा फुटांवरही मुरूम लागला नाही तर हट्टानं खोल जाऊ नका. तिथं तळाशी फुगीर कंद असलेले छोटे पाइल लागतात आणि ते इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय करू नयेत. आणि खड्डा कितीही छोटा असला तरी वळिवाची सर येऊन गेल्यावर त्यात माणूस उतरवू नका. काळ्या मातीची उभी भिंत भेगेवर सुटते, तीही न सांगता.

आंब्याच्या बाजूचे दोन खड्डे हातानं, खुरप्यानं खणा. मनगटाएवढं मूळ लागलं तर खड्डा फूटभर सरकवा, मूळ तोडू नका. तुळई तीन फूट पुढं काढलेली असली की असं सरकवायला जागा मिळते, म्हणून तर ती रचना.

काँक्रीटच्या खांबाच्या डोक्यावर चार फाउंडेशन बोल्ट सोडा आणि बेस प्लेट थेट काँक्रीटवर न बसवता, प्रत्येक बोल्टवर एक नट खाली आणि एक वर अशी बसवा. मध्ये इंचभर फट राहते, ती भरायची नाही. पुढं कधी एखादा खांब तीन-चार मिलिमीटर वर-खाली झाला तर पाना घेऊन नट फिरवायचे, डेक पुन्हा पातळीत. माझ्या त्या पहिल्या कामात ही सोय असती तर वेल्ड तोडायची वेळ आली नसती. बोल्ट मात्र जाड घ्या, किमान १६ मिलिमीटरचे आणि गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले.

आता जोड. हा या सगळ्या कामाचा आत्मा आहे, आणि इथं आईंचाही विचार येतो.

माझा पहिला सल्ला नेहमी असा असतो, की नवा भाग एक पायरी खाली घ्या. पूर्ण सहा इंच. मग जुना भाग अर्धा इंच हलला काय किंवा नवा हलला काय, डोळ्याला कळत नाही, पायाला लागत नाही, फळ्यांचा रंग जुळला नाही तरी खटकत नाही. वर बसलेल्यांना पायरीच बैठक होते, पंगतीच्या वेळी वाढणाऱ्याला सोयीचं पडतं. पुढं जमिनीवर उतरायला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या होतात, त्याही सारख्या. लोकांना वाटतं वयस्कर माणसासाठी सपाट बरं. पण सलग दिसणाऱ्या डेकमध्ये पावसाळ्यात तयार होणारी अर्ध्या इंचाची उंचवटी आईंसाठी सहा इंचांच्या पायरीपेक्षा जास्त धोक्याची आहे, कारण ती दिसत नाही. पायरीच्या एका बाजूला पक्का कठडा द्या, हाताला धरायला. पायरीच्या कडेची फळी वेगळ्या, फिक्या रंगाची ठेवा म्हणजे संध्याकाळी दिसेल.

आईंना गुडघ्यामुळं पायरी नकोच असेल, किंवा घरात चाकाची खुर्ची येण्याची शक्यता असेल, तर सपाट करा, पण मग दोन्ही भागांमध्ये १०-१२ मिलिमीटरची सरळ फट सोडा. एकही फळी फटीच्या अलीकडून पलीकडं जाता कामा नये. नव्या बाजूला कडेनं एक सहा इंची पट्टी आडवी टाका, म्हणजे जोड मुद्दाम केलेला दिसतो. आणि वर्षातून दोनदा नट फिरवून पातळी जुळवायची जबाबदारी घरातल्या एकानं घ्यायची. हे होणार नसेल तर पायरीच करा.

लाकडाबद्दल. जुन्या सागवानाशेजारी प्लॅस्टिक मिसळलेल्या फळ्या टाकू नका. त्या वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, वाळवी लागत नाही हा गुण मोठा आहे. पण एप्रिलच्या दुपारी त्या लाकडापेक्षा खूप जास्त तापतात, अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि आपण परड्यात अनवाणीच वावरतो. त्या लांबीत वाढतात, त्यामुळं टोकाला फट ठेवावी लागते, आणि खालचे पाइप बारा-चौदा इंचांवर घ्यावे लागतात. नव्या घरात पूर्ण नवा डेक असेल तर विचार करा.

गावच्या झाडांचं सांगतो. सागवान स्वतःच्या बांधावरचं असलं तरी तोडायला आणि वाहून आणायला वन खात्याची परवानगी लागते. परवानगी मिळाली, तरी ते लाकूड या वर्षी वापरू नका. एक इंची फळी सावलीत, हवेशीर, मध्ये पट्ट्या घालून रचली तरी वाळायला वर्षभर धरायचं. ओलं लाकूड ठोकलं की पुढच्या उन्हाळ्यात फळ्या वाकून धनुष्य होतात. शिवाय झाडं किती वयाची आहेत तेही बघा. कोवळ्या सागवानात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त आणि मधला गाभा कमी असतो. पांढऱ्या भागाला वाळवी आणि बुरशी दोन्ही धरतात. सागवानाचं सगळं नाव गाभ्यामुळं आहे.

माझी पसंती विचाराल तर पेठांमधल्या उतरवलेल्या वाड्याचं लाकूड. पन्नास-साठ वर्षं छताखाली वाळलेल्या तुळया असतात. त्या चिरून घेतलेली फळी पावसा-उन्हात फार हलत नाही. मात्र चिरायच्या आधी पूर्ण तुळईवर लोहचुंबक फिरवा आणि प्रत्येक खिळा काढा. एक जुना खिळा राहिला तरी करवतीचं पातं जातं आणि गिरणीवाला पुन्हा तुमचं लाकूड घेत नाही. हिशेब सोपा आहे. ९६ चौरस फूट, एक इंच तयार जाडी म्हणजे ८ घनफूट. रंध्यात आणि काटछाटीत जाणारं धरून सव्वा इंची कच्ची फळी मागा, म्हणजे १० घनफूट, आणि वर एक घनफूट जादा. टिंबर मार्केटमध्ये आयात केलेलं सागवान घेणार असाल तर प्रत्येक फळी दोन्ही बाजूंनी उलटून बघा. वरच्या चार फळ्या गाभ्याच्या आणि खालच्या पांढऱ्या, असं गठ्ठ्यात असू शकतं.

फळी चार इंच रुंदीची घ्या, सहा इंची नको. रुंद फळी पन्हाळीसारखी वळते. दोन फळ्यांत ५ मिलिमीटर फट सोडा. उन्हाळ्यात ती मोठी वाटेल, पण चार इंची फळी पावसाळ्यात दीड-दोन मिलिमीटर फुगते, आणि उरलेल्या फटीतून पाणी आणि आंब्याचा मोहोर दोन्ही खाली पडायला हवेत. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ प्रतीचे, प्रत्येक टेकूवर दोन, आधी गिरमिटानं भोक पाडून. फळी थेट लोखंडी पाइपला स्क्रू केली तर लाकडाच्या हालचालीनं बारीक स्क्रूची मान तुटते. म्हणून पाइपच्या अंगाला बोल्टनं एक दीड-दोन इंची सागवानी पट्टी बांधा आणि फळी त्या पट्टीत धरा. पट्टीच्या माथ्यावर डांबरी चिकटपट्टी लावा, पाणी तिथंच साठतं.

लोखंडाची चौकट कारखान्यात पूर्ण जुळवून, भोकं पाडून, मग गरम गॅल्व्हनाइज करून आणा आणि जागेवर फक्त बोल्टनं जोडा. शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशन करणारा कुणीही मापाबरहुकूम तयार करून देईल. गॅल्व्हनाइज झाल्यावर जागेवर वेल्ड केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. पाइपची टोकं बंद करा, पण गॅल्व्हनाइज करताना हवा आणि जस्त जायला भोकं लागतात, ती खालच्या बाजूला येतील असं बघा.

झोपाळा डेकच्या चौकटीला टांगू नका. झुलणारं वजन तुळईला पुढं-मागं ओढत राहतं आणि बोल्ट ढिले करतं. त्याला जमिनीतून येणारे दोन वेगळे खांब आणि वर आडवी तुळई द्या, फळ्या त्या खांबांभोवती अर्धा इंच मोकळ्या कापा. झोपाळा आंब्याच्या सावलीत येईल आणि डेक शांत राहील.

दोन फुटांवरून पडलं तरी म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडतं, म्हणून जुन्या भागाला तरी मीटरभर उंचीचा कठडा असावा. उभ्या गजांत चार इंचांपेक्षा जास्त अंतर नको, लहान मुलाचं डोकं अडकतं. कठड्याचे खांब फळीवर नाही, खालच्या चौकटीला बोल्टनं धरा.

खाली माती झाकली जाणार, तर आधी तिला घरापासून बाहेर उतार द्या. नाहीतर डेकखाली पाणी साठून जोत्याची भिंत ओल धरते. गटाराचा चेंबर किंवा सेप्टिक टाकीचं झाकण त्या आठ फुटांत येत असेल तर वरच्या फळ्यांची उचलता येणारी चौकट करा. डेकखालच्या बाजू पत्र्यानं बंद करू नका, हवा खेळली पाहिजे. साप आणि उंदीर शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावा. काँक्रीटच्या खांबांवर वाळवीच्या मातीच्या नळ्या चढतायत का हे दर महिन्याला बॅटरीनं बघा. वाळवीचं औषध टाकणार असाल आणि जवळ बोअर किंवा विहीर असेल तर ते टाकू नका. नळ्या हातानं मोडून काढल्या तरी पुष्कळ काम होतं.

परवानगीचं विसरू नका. घराच्या मंजूर नकाशावर मागं किती मोकळी जागा सोडायची आहे ते बघा आणि नगररचनेकडं विचारा. वर पत्रा किंवा पर्गोला टाकणार असाल तर आधीच सांगा. आणि हा लेख वाचणारं कुणी नदीकडच्या वसाहतीत राहत असेल, तर पूररेषा बघितल्याशिवाय डेकवर खर्च करू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. अशा पाण्यात लाकडी डेक बोल्टनं बांधलेला नसेल तर तराफ्यासारखा उचलला जातो.

वेळापत्रक असं ठेवा. पाया दिवाळीनंतर, माती ओलसर पण घट्ट असताना. तेव्हा ती ना पूर्ण फुगलेली असते ना पूर्ण आकसलेली. लोखंड जानेवारीत, फळ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. वळीव सुरू व्हायच्या आत तेलाचे दोन हात झाले पाहिजेत. साधं जवसाचं तेल उघड्यावर बुरशी धरतं, म्हणून बाहेरच्या लाकडासाठी मिळणारं, बुरशीरोधक घातलेलं तेल वापरा. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उन्हात एक-एक पसरून वाळवा. नव्या फळ्यांचा रंग जुन्यांशी लगेच जुळणार नाही. तेल लावलं नाही तर साधारण एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर दोन्ही सारख्या करड्या होतात. लावायचं असेल तर जुन्या फळ्याही घासून एकाच वेळी लावा.

काम संपल्यावर चारही खांबांवर आणि जुन्या डेकच्या बाहेरच्या कडेवर पाण्याच्या नळीनं पातळी काढा आणि तो आकडा तारखेसह खांबावरच पक्क्या रंगानं लिहा. नवरात्रात, पाऊस थांबला की पुन्हा मोजा आणि शेजारी लिहा. पाच मिलिमीटरच्या आत फरक असेल तर नट फिरवून घ्या. त्याहून जास्त निघाला तर जो खांब हलला त्याचाच पाया उकरून बघा, प्लॅस्टिक फाटलंय किंवा भरलेला मुरूम नीट चोपलेला नाही.